खूण ग्राहीवरच हवी

कर्करोगावरच्या पेशी-उपचारात रुग्णापर्यंत अखेर पोहोचते ती एक लहानशी पिशवी. द्रव नायट्रोजनच्या वाफेत उणे १३० अंशांच्याही खाली गोठवून ठेवलेली ही पिशवी खाटेजवळ आणतात, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि तिच्यातला गढूळ, पांढुरका द्रव शिरेवाटे शरीरात सोडतात. गोठवताना पेशी वाचाव्यात म्हणून घातलेल्या रसायनामुळे खोलीत लसणासारखा वास पसरतो, एवढीच त्या क्षणाची बाहेरून जाणवणारी खूण. पिशवीवर रुग्णाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. आत काय आहे हे मात्र पिशवी पाहून कळत नाही. ते सोबतच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असते, आणि त्यातला एक आकडा बाकीच्या सगळ्या आकड्यांहून मोलाचा असतो: या पेशींपैकी किती पेशींच्या पृष्ठभागावर आपण घडवलेला ग्राही, म्हणजे लक्ष्य ओळखून पकडणारे प्रथिन, खरोखर आहे? हा आकडा कोणी मोजायचा, कशाने मोजायचा आणि दुसऱ्या कोणाला तो पडताळता येणार की नाही, हे प्रश्न वरवर प्रयोगशाळेच्या आतले वाटतात. माझ्या मते ते सार्वजनिक प्रश्न आहेत, आणि भारतात त्यांचा विचार आत्ताच व्हायला हवा, कारण टी पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, ग्राहींवर आधारलेली उत्पादने अजून आपल्या उंबरठ्याबाहेर आहेत. ती आत आल्यावर नियम करणे फार अवघड जाते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. घडवलेल्या टी पेशी ग्राहीच्या रेणूवरच एक छोटी ओळखखूण, म्हणजे टॅग, असावा. तो ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, उत्पादकाच्या मुठीत न राहता कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला मिळावे. ज्याला असा टॅग वापरायचा नसेल, त्याने तो का वापरला नाही आणि त्याऐवजी काय मोजले, हे नियामकापुढे पुराव्यानिशी मांडावे.

मराठी वाचकांना या उपचारांची ओळख मुख्यतः कार-टी या घडवलेल्या टी पेशींच्या उपचारामुळे झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून उभे राहिलेले नेक्सकार१९ हे उत्पादन ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मान्य केले आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. कार हा माणसाने जोडकाम करून बनवलेला ग्राही आहे. त्याचा बाहेरचा भाग प्रतिपिंडापासून घेतलेला असतो, म्हणून तो पेशीच्या पृष्ठभागावर उघड दिसणारीच वस्तू ओळखतो, उदाहरणार्थ बी पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन. टी पेशीचा निसर्गदत्त ग्राही याहून वेगळा असतो. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाचे रेणू पृष्ठभागावर आणून धरतात, आणि तो तुकडा व एचएलए हे दोन्ही मिळून जे चित्र तयार होते, ते हा ग्राही वाचतो. पेशीतली बहुसंख्य प्रथिने आतच असल्यामुळे घन गाठींच्या कर्करोगांसाठी हा मार्ग अधिक आश्वासक वाटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने टेसेल्रा या उत्पादनाला सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. घन गाठीसाठी मान्य झालेला हा पहिला घडवलेल्या टी पेशी ग्राहीचा उपचार. ज्या ४४ रुग्णांच्या आधारे निर्णय झाला, त्यांच्यापैकी सुमारे ४३ टक्के रुग्णांमध्ये गाठी लक्षणीय आकसल्या. जाहीर किंमत होती ७ लाख २७ हजार डॉलर.

या उत्पादनाची मात्रा कशी सांगितली आहे, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ती मिलिग्रॅममध्ये नाही, मिलिलिटरमध्येही नाही. मेज-ए४ हे लक्ष्य ओळखणारा ग्राही असलेल्या टी पेशी २६८ कोटी ते १,००० कोटी, अशी ती आहे. म्हणजे ग्राही असलेल्या पेशींची मोजणी हा गुणनियंत्रणातला एखादा पूरक आकडा नसून तीच औषधाची मात्रा आहे. मोजणी चुकली की मात्रा चुकली. पॅरासिटामॉलच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम आहे की ३००, हे तपासायला राज्याच्या औषध प्रयोगशाळेला कंपनीची परवानगी किंवा कंपनीचे खास रसायन लागत नाही. पेशींच्या बाबतीत मात्र दुसऱ्या कोणाला ही मोजणी करता यावी, यासाठी आधी काहीतरी घडवून ठेवावे लागते.

मी पुणे परिसरातल्या एका जैविक औषधांच्या कारखान्यात गुणनियंत्रण विभागात बावीस वर्षे काम केले. तिथला एक दिवस मला अजून आठवतो. कुप्यांना लेबले लावून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे लेबलांचा ताळा घेतला: किती दिली, किती लावली, किती फाटली, किती परत आली. अकरा लेबलांचा हिशेब लागेना. शोधता शोधता कळले की आधीच्या बॅचच्या रोलचा शेवटचा तुकडा यंत्रात तसाच राहिला होता, आणि काही कुप्यांवर दुसऱ्याच बॅचचा क्रमांक लागला होता. पूर्ण माल अडवून ठेवला. त्या रात्री आमच्या मदतीला आले ते कागद नव्हेत. कागद तर सगळे नीट भरलेले होते. कुपीतल्या द्रव्याचीच तपासणी करून, हे द्रव्य कोणत्या बॅचचे हे ठरवता आले, म्हणून निकाल लागला. ज्या वस्तूची ओळख फक्त बाहेरच्या लेबलवर असते आणि वस्तूच्या अंगावर नसते, तिच्याविषयीची खात्री माणसाच्या हाताइतकीच पक्की असते, हे मी त्या रात्री शिकले.

लक्ष्मी रस्त्यावर आज सोने घेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. तो क्रमांक डबीवर किंवा पावतीवर असून भागत नाही, दागिन्यावरच कोरलेला लागतो, आणि तो कोणीही ग्राहक आपल्या फोनवर तपासू शकतो. तोळाभर सोन्यासाठी आपण जी शिस्त स्वीकारली, ती माणसाच्या शिरेत सोडायच्या पेशींसाठी जास्तीची वाटू नये.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. टी पेशी ग्राही अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा बनतो. एकटी साखळी पेशीच्या आतच अडकते आणि मोडीत निघते. जोडीदार मिळाला आणि सीडी३ या प्रथिनांच्या समूहाची साथ मिळाली, तरच ती पृष्ठभागावर येते. रुग्णाच्या टी पेशीत आपण नवी अल्फा आणि नवी बीटा घालतो, पण त्या पेशीकडे स्वतःची अल्फा आणि बीटा आधीपासूनच असते. चार साखळ्यांच्या चार जोड्या होऊ शकतात. एक मूळची, एक आपण घातलेली, आणि दोन मिश्र. मिश्र जोडी काय ओळखेल, हे कोणी निवडलेले नसते. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशींना थायमस ग्रंथी बालवयापासून चाळून बाद करते. मिश्र जोडी त्या चाळणीतून गेलेलीच नसते. २०१० साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवून दिले की अशा मिश्र जोड्यांमुळे जीवघेणा आजार होऊ शकतो. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत तसा आजार दिसला नाही, हेही सांगायला हवे. तरीही जो धोका प्राण्यांत सिद्ध झाला आहे, तो मोजण्याची सोय उत्पादनातच असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आज मोजणीच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतली सर्वांत थेट पद्धत टेट्रामरची. लक्ष्य असलेला पेप्टाइड तुकडा आणि एचएलए यांचे चार संच एकत्र बांधून त्यांना चमकणारे रंगद्रव्य जोडतात. ग्राही खरा असेल तर तो त्यांना पकडतो. ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण ती ग्राहीचे कामच तपासते. पण प्रत्येक ग्राहीसाठी, प्रत्येक एचएलए प्रकारासाठी टेट्रामर वेगळा बनवावा लागतो, तो महाग असतो आणि साठवणुकीत खराब होतो. भारतासाठी यात एक जास्तीची अडचण आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत एचएलएचा ए०२:०१ हा प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळत असल्यामुळे बहुतेक संशोधन आणि बहुतेक तयार टेट्रामर त्याच्याभोवती फिरतात. आपल्या लोकसंख्येत ए०२ गटातला ए०२:११ हा प्रकार लक्षणीय आहे, शिवाय ए११ आणि ए२४ हे गटही मोठे आहेत. उद्या भारतीय रुग्णांसाठी भारतीय एचएलएला साजेसे ग्राही घडवायचे झाले, तर त्यांच्या मोजणीची साधने परदेशी सूचीपत्रात तयार सापडतील असे धरून चालता येणार नाही. टॅगला एचएलएशी देणेघेणे नसते. एकच टॅग दहा वेगवेगळ्या ग्राहींवर बसवला, तर एकच प्रतिपिंड दहाही मोजते.

दुसरी पद्धत पेशीतल्या जनुकांच्या प्रती पीसीआरने मोजण्याची. ती आवश्यकच आहे, कारण एका पेशीत फार प्रती शिरल्या तर डीएनएला इजा होण्याचा धोका वाढतो. पण ती जनुक मोजते, ग्राही मोजत नाही. जनुक आत गेले म्हणजे प्रथिन घडले, दुमडले, जोडी जमली आणि पृष्ठभागावर आले असे होत नाही.

तिसरी पद्धत आज बरीच रूढ आहे: ग्राहीच्या शेजारी एक स्वतंत्र चिन्ह पाठवणे. कापून छोटे केलेले ईजीएफआर किंवा सीडी३४ यांसारखे प्रथिन त्याच जनुकीय मजकुरात ग्राहीला जोडून लिहितात. प्रथिन घडत असतानाच दोघे वेगळे होतात आणि चिन्ह स्वतंत्रपणे पृष्ठभागावर येते. याचे गुण मी नाकारत नाही. ईजीएफआरचा तुकडा सेटुक्सिमॅब या प्रतिपिंड-औषधाने ओळखता येतो. २०१४ साली लंडनच्या संशोधकांनी मांडलेल्या आरक्यूआर८ या चिन्हावर सीडी३४चा एक आणि सीडी२०चे दोन छोटे भाग आहेत, त्यामुळे पेशी निवडताही येतात आणि उलटल्या तर सीडी२०ला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे औषध देऊन मारताही येतात. रिटुक्सिमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती २००७ पासून आपल्याकडे बनते, म्हणून हा आणीबाणीचा ब्रेक आपल्याला परवडणारा आहे. पण मोजणीसाठी हे चिन्ह अपुरे पडते. ते सांगते की मजकूर पोहोचला आणि वाचला गेला. शेजारच्या ग्राहीला जोडीदार मिळाला का, तो पृष्ठभागावर आला का, याची साक्ष ते देऊ शकत नाही. मघाच्या भाषेत सांगायचे तर तो डबीवरचा क्रमांक आहे.

ग्राहीच्याच साखळीवर बसवलेला टॅग मात्र पृष्ठभागावर दिसला, याचा अर्थच असा की ती साखळी घडली, तिला जोडीदार मिळाला, सीडी३ची साथ मिळाली आणि ती बाहेर आली. ही कल्पना नवी नाही. २००८ साली बर्लिनच्या गटाने मानवी सी-मिक प्रथिनातला दहा अमिनो आम्लांचा तुकडा टी पेशी ग्राहीत बसवला. ग्राहीचे काम टिकून राहिले, टॅग ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने पेशी मोजता आल्या, आणि ज्या उंदरांमध्ये त्या पेशी स्वतःच्या स्वादुपिंडावर उठल्या, तिथे तेच प्रतिपिंड देऊन त्यांना हटवून उंदीर वाचवताही आले. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आठ अमिनो आम्लांचा स्ट्रेप-टॅग कार ग्राहींत बसवून पेशी निवडण्यासाठी आणि वाढवण्यासाठी वापरला. म्हणजे दहा अमिनो आम्लांच्या आतबाहेर काम होते. त्यासाठी मोठे प्रथिन लादण्याची गरज नाही.

फ्लो सायटोमीटरसमोर बसलेल्या माणसाला यातला फरक डोळ्यांनी दिसतो. नळीतून एकामागून एक पेशी जातात, प्रत्येकीवर लेसर पडतो, आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. डावीकडे ग्राही नसलेल्यांचा थवा, उजवीकडे असलेल्यांचा. टेट्रामरने रंगवले, तर ग्राहीची पकड किती घट्ट आणि पृष्ठभागावर ग्राही किती दाट, यावर चमक अवलंबून राहते. कित्येकदा दोन थव्यांच्या मध्ये ठिपक्यांचा पट्टा पसरतो, आणि त्या पट्ट्यातून सीमारेषा कुठे ओढायची हे माणूस ठरवतो. ती रेषा जराशी डावीकडे सरकवली की टक्केवारी वाढते. मी अनेक कर्तव्यदक्ष तरुण मुलामुलींना त्या रेषेपाशी थबकताना पाहिले आहे. बाहेर एक रुग्ण वाट पाहतो आहे, पेशी बनवायला तीन-चार आठवडे गेले आहेत, आणि आकडा मर्यादेच्या अगदी काठावर आहे, अशा वेळी त्या थबकण्यात केवढा भार असतो! चांगल्या टॅगने दोन थवे स्पष्ट वेगळे पडतात आणि रेषा कुठे ओढावी यावर फारसा वाद उरत नाही. मोजणाऱ्याची सचोटी गृहीत धरूनही, ती पणाला लागणार नाही अशी पद्धत आपण त्याच्या हाती दिली पाहिजे.

टॅगवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की टॅग परका असल्यामुळे रुग्णाचे शरीर त्या पेशींनाच परके समजून नष्ट करील. याला आधार आहे: उंदराचे ग्राही वापरलेल्या अमेरिकन चाचण्यांत काही रुग्णांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडली होती. म्हणूनच टॅग मानवी प्रथिनातून घेतलेला आणि शक्य तितका छोटा असावा. अर्थात मानवी तुकडासुद्धा नव्या जागी बसवला की सांध्यावर एक नवा क्रम तयार होतो, आणि तो शरीराला परका वाटणार नाही याची हमी आधी देता येत नाही. ते रुग्णांच्या रक्तात तपासत राहावे लागेल. तरीही हे लक्षात घ्यावे की चुकीची जोडी टाळण्यासाठी अनेक प्रयोगशाळा ग्राहीचा स्थिर भाग उंदराचा वापरतात किंवा त्यात जास्तीचे सिस्टीन हे अमिनो आम्ल घालतात, म्हणजे ग्राहीत बदल आपण तसेही करतोच. मोजता येण्यासाठी दहा अमिनो आम्लांचा बदल करायची वेळ आली की मात्र अचानक शुद्धतेचा आग्रह धरायचा, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप असा की टॅगने ग्राहीची पकड बिघडेल. बिघडू शकते, कारण साखळीचे टोक लक्ष्य ओळखणाऱ्या भागाजवळच असते. याचे उत्तर मतांनी देता येत नाही, प्रयोगाने द्यावे लागते: टॅगसह आणि टॅगविना असे दोन्ही ग्राही शेजारी शेजारी तपासून, मारकशक्तीत फरक नाही हे प्रत्येक उत्पादनासाठी दाखवावे. तेवढे काम एकदाच करायचे आहे, दर पिशवीमागे नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो. टॅग असलेली अल्फा रुग्णाच्या मूळ बीटाशी जुळली, तरी ती पृष्ठभागावर येईल आणि टॅग दिसेल. मग मिश्र जोडी कळली कशी? खरे आहे, एकट्या टॅगने ती कळत नाही. पण २०२० साली फिलाडेल्फियात तीन रुग्णांना दिलेल्या पेशींमध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने मूळच्या दोन्ही साखळ्यांची जनुके निकामी करून मग नवा ग्राही घातला होता, आणि पुढचा रस्ता त्याच दिशेने जातो आहे. कोणी म्हणेल, मूळ ग्राही काढला तर पृष्ठभागावर सीडी३ दिसणे हाच नव्या ग्राहीचा पुरावा झाला, टॅग कशाला? कारण कापणी कधीच शंभर टक्के होत नाही. सीडी३ आहे पण टॅग नाही अशी पेशी सापडली, तर ती मूळ ग्राही घेऊन उरलेली पेशी आहे, हे दोन रंगांच्या एका चाचणीत कळते. दोन साखळ्यांवर दोन वेगळे टॅग ठेवले, तर दोन्हींचे गुणोत्तर बिघडल्यावर मिश्र जोडीची शंका घेता येते. गुणोत्तर ठीक आहे म्हणजे मिश्र जोडी नाहीच, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही, आणि कोणी तसा दावा करू लागला तर त्याला रोखले पाहिजे.

कारण टॅगकडून जे होणार नाही, त्याची अपेक्षा ठेवणे धोक्याचे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेली, मेज-ए३ या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या ग्राहीची घटना या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. पकड वाढवलेला ग्राही घेतलेल्या पेशी दिल्यावर दोन रुग्ण आठवड्याच्या आत हृदय बंद पडून गेले. तो ग्राही हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचा तुकडाही ओळखत होता. नेहमीच्या पेशीसंवर्धनात टायटिन नसल्यामुळे आधीच्या चाचण्यांत हे दिसले नव्हते. मूलपेशींपासून (स्टेम सेल) वाढवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्यावरच ते कळले. तिथे पेशींची मोजणी बरोबर असूनही उपयोग नव्हता, निवडलेला ग्राहीच घातक होता. टॅग ओळख आणि संख्या सांगतो. ग्राही सुरक्षित आहे का, हे सांगत नाही.

पेशी शरीरात गेल्यावर मात्र टॅगचे काम संपत नाही. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आलेली नोंद वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होते. कार-टी बनवताना रक्ताच्या कर्करोगाची एकच बी पेशी चुकून त्यात राहिली, तिच्यातच कारचे जनुक शिरले, कारने तिचे सीडी१९ झाकून टाकले, आणि उपचारानंतर २६१ व्या दिवशी त्या एका पेशीच्या वंशजांच्या रूपाने आजार परतला. पुढे त्या रुग्णाचा मृत्यू झाला. कोट्यवधींत एक पेशी शोधणारी चाचणी आज कोणाकडेही नाही. पण आजार परतल्यावर रक्तात ग्राही असलेल्या पेशी कोणत्या जातीच्या आहेत हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेलाही एका दिवसात पाहता यावे, ही सोय टॅगने होते. साताऱ्याच्या रुग्णाला दर वेळी उत्पादकाच्या दारात रक्त पाठवावे लागू नये.

पुण्याने या विषयात पुढाकार घ्यावा, असे मला वाटते, आणि ते केवळ गावाच्या अभिमानापोटी नाही. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात असलेली राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था देशासाठी पेशींचे भांडार सांभाळते. कोविडच्या काळात, २८ जून २०२१ रोजी, याच संशोधन संस्थेला लशींच्या बॅच तपासण्यासाठी केंद्रीय औषध प्रयोगशाळा म्हणून अधिसूचित केले गेले. तोवर लशींचे नमुने हिमाचलातल्या कसौलीला जात. पाषाण रस्त्यावर आयसर ही विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत, आणि लस बनवणाऱ्या उद्योगामुळे बॅच रिलीज म्हणजे काय हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशी शेकडो माणसे या शहरात आहेत. टॅग ओळखणारे प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशी सार्वजनिक भांडारात जपून ठेवणे आणि त्यांचे प्रतिपिंड शुद्ध करून ठरावीक दर्जाने वाटणे, हे काम इथे होऊ शकते. सी-मिक ओळखणारी ९ई१० ही प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींची वंशावळ १९८५ पासून जगभर वापरात आहे. त्यासाठी नवा शोध लावायचा नाही. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने संदर्भ नमुना म्हणून टॅग असलेल्या आणि नसलेल्या गोठवलेल्या पेशींचे ठरावीक मिश्रण द्यावे, म्हणजे मुंबईचा ४० टक्के आणि बंगळुरूचा ४० टक्के एकच राहील.

प्रत्येक पिशवी सरकारी प्रयोगशाळेत पाठवा, असे मी म्हणत नाही. लशीच्या एका बॅचमधून लाखो माणसांना डोस मिळतो, म्हणून थोड्या कुप्या तपासणीत खर्ची घालता येतात. इथे एक बॅच म्हणजे एक माणूस. तपासणीत गेलेली प्रत्येक पेशी त्याच्या मात्रेतून वजा होते आणि वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस त्याच्या आजाराला मिळतो. थोड्या पेशींवर, तासाभरात होणारी चाचणी हवी, याचे हेच कारण आहे, आणि टॅगची चाचणी नेमकी तशी आहे. उत्पादकाने ती दर पिशवीला करावी, सायटोमीटरमधली मूळ फाइल, केवळ छापील टक्केवारी नव्हे, नियामकाकडे जमा करावी, आणि स्वतंत्र प्रयोगशाळेने सुरुवातीच्या बॅचेस पूर्णपणे व नंतर न सांगता निवडलेल्या काही बॅचेस स्वतः मोजाव्यात. २०१९चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम जनुकीय उपचारांना नवीन औषध मानतात, आणि त्याच वर्षी आयसीएमआरने जनुकीय उपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत एका परिशिष्टाची भर घालायला नवा कायदा लागत नाही.

१८९७च्या प्लेगची आठवण असलेल्या शहराने एक जुनी घटना ध्यानात ठेवावी. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. लस मुंबईत परळला बनली होती. सगळे मृत एकाच बाटलीतून टोचलेले होते, आणि तिचा क्रमांक, ५३-एन, नोंदलेला होता. दूषण कारखान्यात झाले की गावात बाटली उघडताना, यावर पाच वर्षे वाद चालला. हाफकिन यांना निलंबित व्हावे लागले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. बाटलीवर क्रमांक होता म्हणून दोष एका बाटलीपर्यंत तरी नेता आला. आतल्या द्रव्याची स्वतःची साक्ष मात्र कोणाकडे नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेत एका माणसाची कारकीर्द गेली.

प्रमाणपत्रावर पहिल्याच पानावर चार ओळी असाव्यात, असे मी सुचवते: एकूण जिवंत पेशी किती, त्यांतल्या टी पेशी किती, त्यांतल्या टॅग असलेल्या किती, आणि सीडी३ आहे पण टॅग नाही अशा किती. खाली मोजणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची, दोन वेगळ्या माणसांची सही असावी. आणि त्याची एक प्रत, डॉक्टरांच्या फाइलबरोबर, रुग्णाच्या घरच्यांना मराठीतही द्यावी. मुलाच्या उपचारासाठी शेत विकून आलेला बाप वितळणाऱ्या पिशवीकडे बघत उभा असतो, तेव्हा आत नक्की काय आहे, किती आहे आणि ते कोणी तपासले, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे.